डाव्या बाजूचं वजन

"ताई, सुरू कधी करणार?"

नवा पेशंट टेबलावर झोपला की साधारण चौथ्या मिनिटाला हा प्रश्न येतो. तोवर मला काम सुरू करून चार मिनिटं झालेली असतात. तेल नाही, रगडणं नाही, हाडं कडकन वाजवणं नाही. दोन तळवे एका जागी ठेवायचे, पिकलेला टोमॅटो दबेल-न-दबेल एवढाच भार द्यायचा आणि थांबायचं. तीन मिनिटं, कधी पाच, कधी आठ. मग थिजलेलं तूप उन्हात कडेनं सैल होतं तसं हाताखाली काहीतरी सैल होतं आणि सरकतं. ते जिकडे सरकेल तिकडे हातानं सावकाश मागोमाग जायचं. एवढंच माझं काम. एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत मला ऐकवलं होतं, "मॅडम, नुसता हात धरायचे पैसे फक्त ज्योतिषीच घेतो असं मला वाटत होतं." सहाव्या भेटीनंतर ते स्वतःच्या हातानं मागून शर्ट खोचताना दिसले. पुढच्या आठवड्यात बायकोला घेऊन आले.

या कामाला मायोफेशियल रिलीज म्हणतात. नाव अवघड आहे, गोष्ट सोपी. मोसंबी सोलली की फोडींवर पांढरा पापुद्रा दिसतो. तसाच पापुद्रा आपल्या प्रत्येक स्नायूवर असतो आणि डोक्यापासून तळपायापर्यंत तो सलग असतो. स्वेटरचा धागा कोपराशी अडकला तर वीण खांद्याशी ओढली जाते, तसंच इथे होतं. दुखतं एकीकडे आणि अडकलेलं असतं दुसरीकडे. त्यामुळे पेशंट जिथे बोट दाखवतो तिथे मी शक्यतो आधी जात नाही. यामागच्या शास्त्राबद्दल डॉक्टरांमध्ये मतभेद आहेत, ते मला माहीत आहेत. मी फक्त मी पाहिलेलं लिहिणार आहे.

मी याद्या करणारी बाई आहे. फ्रिजवर यादी, पर्समध्ये यादी, दवाखान्याच्या दारामागे रोजची यादी. प्रत्येक पेशंटसाठी एक पातळ कागद असतो. त्यावर माणसाच्या दोन आकृत्या छापलेल्या आहेत, वर पुढून आणि खाली मागून. पेशंट दुखतं म्हणेल तिथे निळी फुली, माझ्या हाताला ताण लागेल तिथे लाल गोल. तेवीस वर्षांचे कागद तारखेवार लावलेले आहेत.

दिवाळी अंकासाठी अनुभव लिहा असं सांगितल्यावर मी सवयीनं यादीच केली. अठरा नावं झाली. विंचूरकडून आलेला, कांद्याच्या गोण्या उचलून मान अडकलेला हमाल होता, टेबलावर ढसाढसा रडून लगेच पावती मागणाऱ्या मुख्याध्यापिका होत्या, अंगाला हात लावायचा नाही या अटीवर उपचार घ्यायला आलेले एक काका होते. सगळे गमतीचे. मी सतरा नावं खोडली. उरलेल्या एका नावाखाली खरं तर तीन बायका आहेत, आणि ती गोष्ट सांगितल्याशिवाय बाकीच्या सांगणं मला लबाडीचं वाटू लागलं. नावं बदलली आहेत. घरच्यांना विचारलं आहे.

पहिली बाई सुमनबाई. मखमलाबादच्या बाजूला त्यांची फुलशेती, मुख्यतः झेंडू आणि शेवंती. पंचावन्न-छप्पन्नचं वय, काटक अंग, मोठ्यांदा हसणं. त्या श्रावणात आल्या तेव्हा उजव्या खांद्याच्या पात्याखाली दुखत होतं. फुलं तोडणारी बाई दिवसभर वाकून, कमरेला झोळी बांधून, एकाच हातानं काम करते, त्यामुळे तिथे दुखण्याचं मला नवल वाटलं नाही. खांदा, मान, पाठ, कंबर, सगळीकडे हात ठेवला आणि जिथे ताण लागला तिथे लाल गोल काढले. फक्त उजव्या बरगडीखाली हात नेला की त्या माझं मनगट धरायच्या आणि हात उचलून बाजूला ठेवायच्या. "तिथं नको ताई, गुदगुल्या होत्यात. पुढं चला." आणि हसायच्या. मीही हसायचे आणि पुढे जायचे. सहा भेटींत सहा वेळा. सहाव्या भेटीत त्या म्हणाल्या, "दसरा होऊ दे. फुलं निघाली की निवांत येते."

त्या परत आल्या नाहीत. दिवाळीनंतर मुलाचा फोन आला. पित्ताशयाचा कॅन्सर निघाला होता आणि तो यकृतात पसरला होता. पित्ताशय बिघडलं की उजव्या पात्याखाली दुखतं, हे मी विद्यार्थी असताना परीक्षेत लिहून मार्क मिळवले होते. फाल्गुनात त्या गेल्या.

त्या आठवड्यात मी एक नवी यादी केली आणि टेबलाच्या वर भिंतीवर, मला उभ्यानं दिसेल अशी चिकटवली. दुखणं रात्री वाढतं का, कूस बदलून फरक पडतो का, वजन उतरलं आहे का, भूक गेली आहे का, एखाद्या जागी हात लावू देत नाही का. एकाचंही उत्तर हो आलं, तर आधी तपासणी, मग माझा हात. ही यादी मी कोणालाही अभिमानानं दाखवते. ती कोणामुळे झाली, हे मात्र तोवर कोणाला सांगितलं नव्हतं.

पुढच्या माघात, वर्ष पुरं व्हायला तीन-चार आठवडे असताना, सुमनबाईंचा मुलगा संदीप आला. बरोबर त्याची बायको अश्विनी, तिशीची, आणि शकूमावशी. शकूमावशी सुमनबाईंची सख्खी धाकटी बहीण. दोघी बहिणी एकाच घरात, दोन भावांना दिलेल्या, त्यामुळे त्या संदीपच्या मावशी आणि काकूही. थंडी होती. मावशी बाहेरच्या बाकावर बसल्या, पिशवी कुशीशी घट्ट धरून.

संदीप बायकोकडे न बघता मला म्हणाला, "मॅडम, आईची चाल तुम्ही बघितली होती ना? हिला जरा चालवून बघा."

मी अश्विनीला दारापासून खिडकीपर्यंत चालायला सांगितलं. तीन पावलं, मग थांबणं. अंग एका बाजूला कललेलं, कोपर बरगडीला चिकटलेलं, मान किंचित वळलेली, जणू कोणी खालून काही सांगतंय आणि ही ते ऐकते आहे. पुन्हा तीन पावलं, पुन्हा थांबणं. शेवटच्या भेटीत सुमनबाई माझ्या खोलीतून अशाच चालत गेल्या होत्या.

मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. "बघितलं? तीच हाये. सुमनच हाये."

"मावशी, बाहेर बसा."

"मी बसते ओ. तुम्ही बघा. हिची पोरगी चार वर्साची, मागून हिला आज्जी म्हणून हाक मारती. लेकराला काय कळतंय खोटं बोलायला? आन् ह्यो," संदीपकडे हात करून, "ह्यो महिना झाला भाईर झोपतो."

संदीप पिकअपची किल्ली बोटात फिरवू लागला. खाली बघत राहिला.

त्र्यंबकच्या पलीकडे डोंगरात एक भगत होता. वर्षश्राद्धाच्या आत अश्विनीला त्याच्याकडे नेऊन "सुमनला मोकळं करायचं" असं मावशींनी ठरवलं होतं. अशा ठिकाणाहून परत आलेली एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिच्या पाठीवरच्या भाजल्याच्या वणांकडे सगळ्या बाजूंनी कातडी ओढली गेली होती आणि तिला दोन्ही हात डोक्यावर नेता येत नव्हते. तो कागद माझ्याकडे आहे. मी संदीपला विचारलं, "किती दिवस आहेत?"

"मावशी म्हणते, अमावस्येपर्यंत बघू. पंधरा दिवस."

तो बाहेर गेल्यावर अश्विनी हळूच म्हणाली, "नेऊ द्या ताई. मलाही आता तसंच वाटतं. रात्री कोणीतरी टेकून झोपतं माझ्या अंगाला."

मी भूतबीत मानत नाही. पण यादी मानते, म्हणून तिला हात लावण्याआधी सोनोग्राफीला पाठवलं. रक्त, लघवी, पोट, सगळं तपासून झालं. तिसऱ्या दिवशी रिपोर्ट आले, पूर्ण स्वच्छ. मग मी तिचा कागद केला.

दुपारी दवाखाना रिकामा असतो. सुमनबाईंची फाइल काढली आणि दोघींचे कागद शेजारी शेजारी ठेवले. मला जुळायला हवे होते असं नाही, पण जुळतील अशी भीती होती. जुळले नाहीत. सुमनबाईंचे लाल गोल उजवीकडे, अश्विनीचे डावीकडे. चाल बघताना हे कोणाच्याच ध्यानात आलं नव्हतं, माझ्याही नाही. मला एकदम हलकं वाटलं. कागद आत ठेवायला उचलले तेव्हा दोन्ही एकमेकांवर पडले आणि वरचा पालथा झाला. समोर खिडकी होती. उजेडात गोल गोलांवर बसले. पात्याखालचा, मानेतला, कमरेचा, मांडीच्या बाहेरचा, एकूण एक. फक्त सुमनबाईंच्या बरगडीखाली, जिथे मी कधी हात ठेवलाच नव्हता, तिथे काही नव्हतं आणि अश्विनीच्या कागदावर त्याच जागी सगळ्यांत मोठा गोल होता.

मी तो कागद किती वेळ धरून उभी होते, ते लिहून ठेवलेलं नाही.

आरशातल्यासारखं असं दोनच तऱ्हांनी होतं. एक, समोरासमोर उभं राहून कोणाची नक्कल केली तर. दुसरी तऱ्हा मला पुढच्या भेटीत दिसली.

त्या भेटीत अश्विनीला उताणी झोपवून मी तिचा डावा हात उचलला. हाताचं पूर्ण वजन मी पेललं की कधीकधी शरीर आपणहून हलू लागतं. प्रत्येकाचं हलत नाही. ज्याचं हलतं तो झोपेत नसतो आणि जागाही नसतो, आणि अशा वेळी मी ढकलायचं नाही, अडवायचं नाही, फक्त बरोबर राहायचं. अश्विनीचा हात टेबलाच्या कडेबाहेर गेला, कोपरात वाकला, वर आला आणि थांबला. बोटं पसरली. मी माझा हात खालून काढून घेतला. तिचा हात तिथेच राहिला. एरवी अर्ध्या मिनिटात थरथरायला लागतो, हा थरथरला नाही. हवेत एक मोकळी जागा धरून तो वाकलेला होता. मी ती जागा नजरेनं मापली. बाईमाणसाच्या कमरेएवढी होती.

"आई, हळू," अश्विनी म्हणाली. डोळे मिटलेले. "पायरी आहे."

मी टेबलापासून एक पाऊल मागे सरकले.

ती उठून तोंड धुवायला गेली तेव्हा मी बाहेर जाऊन मावशींना विचारलं, "तुमच्याकडे पायऱ्या कुठे आहेत?"

मावशींचा चेहरा उतरला. "न्हाणीला. तीन पायऱ्या. हिनं सांगितलं का?"

"तुम्ही सांगा."

मग मावशींनी सांगितलं, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. चार महिने सुमनबाईंना न्हाणीत नेणं-आणणं अश्विनीच करायची. सुमनबाईंची दुखरी उजवी बाजू दाबून धरली की त्यांना बरं वाटायचं, म्हणून अश्विनी त्या बाजूला उभी राहायची, डावा हात त्यांच्या पाठीमागून घालून, डाव्या कुशीवर त्यांचा सगळा भार घेऊन. तीन पावलं आणि विसावा. त्या दिवशी सकाळी संदीप फुलांची कॅरेट घेऊन गंगेवरच्या, नदीकाठच्या फुलबाजारात गेला होता. पुरुष माणसं मळ्यात होती. दुसऱ्या पायरीवर सुमनबाई गेल्या, उभ्या-उभ्याच, सुनेच्या अंगावर.

"पायऱ्या वल्ल्या. खाली ठेवावं तर दोघीबी पडतील. हाका मारल्या तिनं, पर मोटर चालू, कोणाला आयकू येणार? तशीच धरून उभी. टाकी भरून पाणी वाहायला लागलं, अंगणभर झालं, तवा मी पळत आले मोटर बंद करायला. बघते तर ह्या दोघी."

"मग?"

"मग काय. मी वढून घेतली सुमनला हिच्या हातातून. वरडले लय. तुला कळत नाय का, म्हणले, मेलेल्या माणसाला उभं धरत्यात का. काय काय बोलले." त्यांनी पिशवी आणखी आत ओढली. "हिचा हात तवा तसाच राहिला व्हता. आत्ता दाराच्या फटीतून बघितला ना मी, तसाच."

मी म्हटलं, "मावशी, ती हिच्या अंगात नाही. हिनं तिला उचललेलं आहे."

"मग मी येगळं काय म्हणते?" मावशी म्हणाल्या. "उचललेलं माणूस खाली ठेवलंच नाय हिनं. अजून हाये तिथंच."

मी आत जाऊन अश्विनीच्या कागदावर दुसरी तऱ्हा लिहिली: कुशीला कूस लावून, चार महिने.

अमावस्येला चार दिवस उरले असताना ती पुन्हा आली. या वेळी मी तिला टेबलावर घेतलं नाही. उभ्यानंच, डोळे मिटून, डाव्या हाताचं वजन माझ्याकडे द्यायला सांगितलं. हात वर आला, वाकला आणि मोकळ्या जागेभोवती बसला. मग ती चालू लागली. मी एक पाऊल मागे, पडली तर धरायला. तीन पावलं, विसावा. तीन पावलं, विसावा. खोलीच्या मधोमध तिनं पाय उचलला, नसलेल्या पायरीवर ठेवला. पुन्हा उचलला. दुसऱ्या पायरीवर ती थांबली. तिचं अख्खं अंग डावीकडे झुकलं. कोणी सरळ उभं असताना इतकं झुकू शकत नाही, पडतं. ती पडली नाही. पलीकडून कोणीतरी भार दिल्यासारखी ती तोलून उभी होती आणि तिच्या कपाळावर घाम आला होता. आपण हे इथून पुढे कुठे नेणार, हे मला माहीत नव्हतं. कोणत्याच पुस्तकात ते लिहिलेलं नाही. तिला खाली ठेवायचं होतं आणि ठेवायला काही नव्हतं.

मी दार उघडून खुणेनं मावशींना आत बोलावलं. त्या उंबऱ्यातच थबकल्या. मी त्यांच्या कानात म्हटलं, "त्या जागी उभ्या राहा."

"मी?"

"तुम्हीच ओढून घेतली होती. आता तिला देऊ द्या."

मावशी घाबरलेल्या होत्या, पण गेल्या. उंची बहिणीएवढीच. त्या हाताच्या वळणात शिरल्या आणि हात त्यांच्या कमरेवर बसला. अश्विनीनं कूस त्यांच्या उजव्या कुशीला घट्ट लावली. त्याच क्षणी मावशींनी श्वास आत ओढला आणि तो बाहेर आलाच नाही. माझे डोळे अश्विनीवर होते. कानानं मात्र टिपलं.

मी मागून स्टूल सरकवलं. अश्विनीनं एक पाऊल घेतलं, मग दुसरं. तिसरी पायरी चढली. वळली.

"आई, बसा."

मावशी बसल्या. अश्विनीचा हात त्यांच्या पाठीवरून सुटला आणि खाली आला, झोपलेल्या मुलाचा असतो तसा जड. ती सरळ झाली. तिनं डोळे उघडले, इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाली, "डावीकडे गार वाटतंय." मग तिथेच जमिनीवर बसून रडू लागली. मी तिला रडू दिलं. माझं लक्ष आता तिच्याकडे नव्हतं.

स्टुलावर बसलेल्या मावशींचं उजवं कोपर बरगडीला चिकटलेलं होतं आणि ओठ पांढरे पडले होते.

"मावशी, केव्हापासून?"

"काय केव्हापासून?"

"उजवीकडे. बरगडीखाली."

त्यांनी आधी अश्विनीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "सुमन गेल्यापून. आधी थोडं व्हतं, आता लय." थोडं थांबून, "मला वाटलं तीच हाये. अर्धी हिच्यात, अर्धी माझ्यात. म्हणलं हिच्यातून काढली म्हंजी माझ्यातूनबी जाईल."

"रात्री?"

"रात्रीच लय."

"कूस बदलली की बरं वाटतं?"

"काय फरक नाय."

"जेवण?"

"जातंय कुठं." त्या हसल्या. बहिणीसारख्याच मोठ्यांदा हसायला गेल्या आणि मधेच थांबल्या. "असं काय बघता बाई? श्राद्ध होऊ दे, मग बघू. घरात एवढं काम पडलंय."

भिंतीवरची माझी यादी माझ्या डोळ्यांसमोर होती. अकरा दिवस एक निरोगी बाई मी बोटाबोटानं तपासली होती आणि आजारी बाई बाहेर बाकावर बसवून ठेवली होती. "मावशी, बाहेर बसा" असं मीच म्हटलं होतं.

मी संदीपला आत बोलावलं आणि उभ्यानंच सांगितलं. सुमनबाई सहा वेळा इथे आल्या. सहा वेळा त्यांनी माझा हात त्या जागेवरून बाजूला केला. मी एकदाही विचारलं नाही. विचारायला हवं होतं, तपासायला पाठवायला हवं होतं. मी फुलं तोडण्यावर ढकललं आणि पुढे गेले.

संदीपनं भिंतीवरच्या यादीकडे बघितलं. "म्हणजे तेव्हाच कळलं असतं?"

"कदाचित. कदाचित नसतंही. पण मी विचारलं नाही, एवढं खरं. आणि आता मावशींना तेच होतंय."

तो वळला आणि बाहेर निघून गेला. पिकअप सुरू झाल्याचा आवाज आला. मला वाटलं, संपलं. हा आता आईपायी माझ्यावरचा राग घेऊन घरी जाणार, आणि या दोघींना जिकडे न्यायचं तिकडे नेणार. अश्विनी जमिनीवरून उठली होती आणि दाराकडे बघत होती.

संदीप परत आला. "मावशी, ऊठ. गाडी चालू आहे."

"कुठं?"

"सोनोग्राफीला."

"आत्ता? अरे भाकरी टाकायच्यात."

"ऊठ म्हणतो ना."

"बघा बाई, कसा वसकन अंगावर येतो," मावशी मला म्हणाल्या. पण उठल्या. अश्विनीनं त्यांची पिशवी घेतली.

पित्ताशय खड्यांनी भरलेलं होतं आणि आतल्या भिंतीला एक गाठ धरली होती. त्याच आठवड्यात ऑपरेशन झालं. गाठ भिंतीच्या बाहेर गेलेली नव्हती, असा प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, आणखी काही महिने गेले असते तर वेगळं बोलावं लागलं असतं. अमावस्या मावशींनी दवाखान्यातच काढली आणि वर्षश्राद्धही त्यांच्याशिवायच झालं. भगताचं नाव पुन्हा कोणी काढलं नाही. संदीप माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलतो. ते मी गृहीत धरलं आहे.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी मी मावशींना बघायला गेले. त्यांना वॉर्डाबाहेरच्या पॅसेजमध्ये थोडं चालवायचं होतं. अश्विनी पुढे झाली आणि सवयीनं त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन उभी राहिली, डावा हात त्यांच्या पाठीमागे नेत.

"हिकडून नको," मावशी म्हणाल्या. "तिकडून ये."

"का हो मावशी? मला इकडूनच सवय आहे."

"म्हणूनच. तुझ्या त्या अंगाला जागा नाय."

अश्विनीनं वाद घातला नाही. ती फिरून पलीकडे गेली आणि उजव्या हातानं मावशींना धरलं. दोघी सावकाश निघाल्या. मी मागे उभी राहून अश्विनीची चाल बघत होते, ते माझं कामच आहे. पाठ सरळ, खांदे एका रेषेत, कोपर मोकळं, दोन्ही पायांवर सारखा भार. कुठेही थांबणं नाही. मी तिच्या कागदावर तसं लिहू शकले असते. फक्त तिच्या डाव्या हाताला भिंत होती आणि एवढ्या अरुंद पॅसेजमध्येही ती भिंतीपासून अंतर राखून चालत होती. कमी नाही, जास्त नाही, एका माणसापुरतं.

समोरून एक नर्स औषधांची ट्रॉली ढकलत भिंतीच्या कडेकडेनं आली. अश्विनी आणि भिंत यांच्यामधून ट्रॉली सहज गेली असती. नर्स जवळ आली, त्या मोकळ्या जागेकडे बघून किंचित थांबली आणि पलीकडून वळसा घालून गेली.